निजाम नावाची विनाशिका



४ जुलै १९४० रोजी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावी जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीतून एक नवी युद्धनौका पाण्यात सोडण्यात आली. लांबी ३५६ फूट, वेग ३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर. ४.७ इंची सहा तोफा, पाणतीर सोडण्याच्या नळ्या, पाणबुड्यांवर टाकायचे पाणबाँब. नौदलाच्या भाषेत ही विनाशिका. तिचे नाव होते ‘निजाम’.

कुठला निजाम? आपलाच. हैदराबादचा सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. त्या दिवशी आपले बोथ हे त्याच्याच संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्याची रयत होते. समुद्र त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी त्यांच्या राजाच्या नावाचे जहाज पुढची पाच वर्षे क्रीटपासून टोकियोपर्यंत फिरले.

आजच्या व्याख्यानात तीन प्रश्न आहेत. या जहाजावर नाव कुणाचे होते? त्यामागचा पैसा कुणाचा होता? आणि त्याच्यावर जीव कुणाचे पणाला लागले? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. युद्धाच्या इतिहासात पहिले उत्तर ठळक छापले जाते, तिसरे स्मारकांवर कोरले जाते आणि दुसरे गाळले जाते. म्हणून क्रमाने जाऊ.

पहिली गोष्ट नावाची.

उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. तीनच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याने ब्रिटिशांपुढे तिजोरी उघडी केली. त्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला विमाने मिळाली आणि ती ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९१८ मध्ये इंग्रजांनी त्याला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा खास किताब दिला. इतर राजेमहाराजे नुसते ‘हायनेस’ होते. हा त्यांच्याहून वरचा. जोडीला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ अशीही पदवी. दुसरे युद्ध आले तेव्हा १५२ क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. तिची स्पिटफायर विमाने १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढली आणि पुढे तीच तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. आकाशात हैदराबाद होतेच. आता पाण्यावरही आले.

ब्रिटिश नौदलाची एक रीत होती. एका वर्गातल्या विनाशिकांची नावे एकाच अक्षराने सुरू करायची. या वर्गाला इंग्रजी ‘एन’ अक्षर आले होते. ‘नेपियर’, ‘नेस्टर’, ‘नॉर्मन’ या तिच्या बहिणी. नेपाळने युद्धात मदत केली म्हणून ‘नॉर्समन’चे नाव बदलून ‘नेपाळ’ करण्यात आले. आणि पैशाची पावती म्हणून हैदराबादच्या वाट्याला आली ‘निजाम’. गंमत बघा, हिमालयाच्या कुशीतला नेपाळ आणि दख्खनच्या पठारावरचे हैदराबाद, दोघांनाही समुद्रकिनारा नाही, आणि दोघांच्या नावाची जहाजे समुद्रावर!

हैदराबादला किनारा कधीच नव्हता असे नाही. मच्छलीपट्टणमची किनारपट्टी, ज्याला उत्तर सरकार म्हणत, ती पूर्वी निजामाकडेच होती. १७६६ च्या तहाने ती इंग्रजांकडे गेली. पुढे संस्थानाला बंदराची ओढ एवढी लागली की गोव्याच्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी करण्यापर्यंत मजल गेली. बंदर काही मिळाले नाही. बंदर नाही, किनारा नाही, नौदल नाही. विनाशिका मात्र आहे, तीही दुसऱ्याच्या ताफ्यात.

दुसरी गोष्ट पैशाची. इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण ही गोष्ट आपल्या घरची आहे.

१९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. श्रीमंत माणसाने खिशातून पैसे दिले, मग त्यात रयतेचा काय संबंध, असे कुणी विचारील. पण तो खिसा भरत कसा होता? संस्थानाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा मुलूख ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे थेट निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेला. बाकीचा दिवाणी, म्हणजे सरकारी, मुलूख आणि जहागिरी. दिवाणीत जमीनमहसूल, आबकारी, आणि जकातीचे खाते, ज्याला इथे ‘करोडगिरी’ म्हणत. शेतसारा भरायचा हाली सिक्क्यात, म्हणजे संस्थानाच्या नाण्यात. त्या हालीचे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, व्हायचे, कलदाराचे पौंड व्हायचे, आणि पौंड गोदीत पोचायचा. कापूस-ज्वारी पिकवणारा, मोहाच्या दारूवर आबकारी भरणारा, जंगलात गुरे चारायला कर देणारा माणूस त्या साखळीच्या या टोकाला उभा होता. दुसरे टोक त्याला दिसत नव्हते.

आणि १९४० हे वर्ष या जिल्ह्यात कसे होते? राखीव जंगलाच्या हद्दी वाढल्या होत्या. गोंड-कोलामांच्या पिढीजात जमिनी त्या हद्दींत जात होत्या. चराईला कर, सरपणाला कर, शेत काढले तर खटला. जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमराम भीम आणि त्याचे सोबती याच्याविरुद्ध उभे राहिले. त्याच १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भीम मारला गेला. क्लाइडबँकला ‘निजाम’ पाण्यात उतरली तेही हेच वर्ष. या दोन घटना कुणा एका इतिहासकाराच्या एका पानावर येत नाहीत. पण हिशेबाच्या वहीत दोन्ही एकाच राज्याच्या खर्चात पडतात.

मग संस्थानात कुणी विचारले नाही का, की हा खर्च कशासाठी? विचारणार कोण? हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती; ती उठली १९४६ मध्ये. म्हणजे युद्धाच्या सगळ्या काळात प्रजेची एक प्रमुख राजकीय संघटना बेकायदा होती. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखी माणसे तुरुंगात जात-येत होती. अंदाजपत्रकावर मत मागण्याची पद्धतच नव्हती. हिटलरविरुद्धचे युद्ध चुकीचे होते असे इथे कुणी म्हणत नाही. ते जिंकणे जगाला आवश्यक होते. प्रश्न एवढाच की लोकशाहीसाठी लढल्या जाणाऱ्या युद्धाला पैसा देताना ज्यांचा पैसा होता त्यांना विचारले गेले का. उत्तर सरळ आहे: नाही. पुढे युद्धाची वर्षे चढत गेली तशी ‘लेव्ही’ आली. सरकारी भावाने धान्य घालायचे, घरात खायला उरो न उरो. हा शब्द आजही मराठवाड्यात आणि तेलंगणात जुन्या माणसांच्या तोंडी आहे. आजीने सांगितलेली लेव्हीची गोष्ट ऐकलेले या सभागृहातही असतील.

जाता जाता एक वेगळा धागा. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ युद्ध सुरू झाले तेव्हा भारतात होता. पारपत्र जर्मन, म्हणून शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला हैदराबाद संस्थानातच थांबवून ठेवण्यात आले. भीमच्या उठावानंतर गोंडांच्या तक्रारी समजून घेण्याचे काम निजाम सरकारने त्याच्याकडे दिले. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या मारलवाईला त्याने मुक्काम ठोकला आणि १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. याच कामात पुढे एक मराठी अधिकारी आला, सेतुमाधवराव पगडी. महाराष्ट्र त्यांना शिवकालाचा आणि मोगलकालाचा इतिहासकार म्हणून ओळखतो. आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक आणि गोंडी भाषेचे व्याकरण लिहिणारेही तेच. ज्या तिजोरीतून विनाशिकेला पैसा गेला त्याच तिजोरीतून, गोळीबारानंतर का होईना, मारलवाईची शाळाही निघाली. हिशेब मांडायचा तर हेही त्यात आले पाहिजे.

आता तिसरी गोष्ट, जिवांची. इथे जहाजाचे नाव बाजूला ठेवून त्यावरच्या माणसांकडे पाहायचे.

८ जानेवारी १९४१ रोजी ‘निजाम’ सेवेत दाखल झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलात. मालकी ब्रिटनची, खलाशी बहुतेक ऑस्ट्रेलियाचे, नाव हैदराबादचे. विनाशिका म्हणजे काय, हे कधी जवळून पाहिले नसेल तर एवढे ध्यानात घ्या: तिला चिलखत नसते. मोठ्या युद्धनौकेच्या अंगावर इंचांनी मोजावे असे पोलाद असते. विनाशिकेचा पत्रा पातळ, कारण तिची सगळी ताकद इंजिनात. चाळीस हजार अश्वशक्तीची टर्बाइने तिला पळवतात आणि पळ हाच तिचा बचाव. आत सुमारे दोनशे माणसे, दाटीवाटीने. खालच्या बॉयलरच्या खोलीत काम करणाऱ्याला वर काय चालले आहे ते फक्त आवाजावरून कळते.

या जहाजाची पहिली मोठी कसोटी क्रीट बेटावर लागली. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. आठवड्याभरात बेट हातचे गेले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सैनिक डोंगर ओलांडून दक्षिण किनाऱ्यावरच्या स्फाकिया नावाच्या मच्छीमार खेड्याकडे निघाले. तिथे धक्का नव्हता. छोट्या होड्यांतून एकेक खेप जहाजापर्यंत न्यायची. दिवसा जर्मन विमाने, म्हणून सगळे काम मध्यरात्रीच्या दोन-तीन तासांत.

३० मेच्या रात्री चार विनाशिका निघाल्या. दोन वाटेतूनच परत फिराव्या लागल्या. उरल्या ‘नेपियर’ आणि ‘निजाम’. या दोघींनी त्या एका रात्रीत सुमारे चौदाशे माणसे उचलली. दोनशे माणसांसाठी बांधलेल्या जहाजावर आणखी सातशे! डेकवर, जिन्यांवर, तोफांच्या भोवती, मिळेल तिथे माणसे. सकाळी परतीच्या वाटेवर विमानांनी गाठले, ‘नेपियर’च्या इंजिनखोलीला मार बसला, तरी दोन्ही जहाजे अलेक्झांड्रियाला पोचली. क्रीटच्या त्या मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या तीन क्रूझर आणि सहा विनाशिका बुडाल्या. क्रीटहून सुटलेल्या सोळा हजारांहून अधिक सैनिकांत ‘निजाम’वरून सुटलेलेही होते. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होते की हे नाव कुठून आले?

मग टोब्रुक. लिबियाच्या किनाऱ्यावरचे हे बंदर १९४१ मध्ये कित्येक महिने वेढ्यात होते. जमिनीवरून वाट बंद, म्हणून विनाशिका रात्री दारूगोळा आणि ताजे सैनिक घेऊन जात, जखमींना घेऊन परत येत. ‘निजाम’ही त्या फेऱ्यांत होती. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ताफ्याची दिशा पूर्वेला वळली. जानेवारी १९४२ मध्ये ‘इंडोमिटेबल’ या विमानवाहू नौकेने ४८ हरिकेन विमाने आग्नेय आशियाकडे नेली. तिच्या राखणीला ‘नेपियर’, ‘नेस्टर’ आणि ‘निजाम’ होत्या. विमाने पोचली, पण सिंगापूर वाचले नाही. मलायात जमिनीवरही हैदराबादचे सैनिक होते. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौज कोटा बारूला उतरली तेव्हा तिथल्या विमानतळावर संस्थानी फौजेतली पहिली हैदराबाद इन्फंट्री पहाऱ्यावर होती.

जून १९४२ मध्ये या विनाशिका पुन्हा भूमध्य समुद्रात आल्या. माल्टा बेट उपासमारीच्या काठावर होते. पूर्वेकडून अकरा मालवाहू जहाजांचा काफिला निघाला, ॲडमिरल व्हियन यांच्या नेतृत्वाखाली. वर जर्मन-इटालियन विमाने, समोर इटलीचा मोठा ताफा. काफिला पुढे गेला, मागे फिरला, पुन्हा पुढे वळला, पुन्हा मागे. १५ जूनच्या संध्याकाळी बाँब ‘नेस्टर’च्या अगदी लगत दोन्ही अंगांना पडले. बॉयलरच्या खोल्यांत पाणी शिरले, चारजण गेले. ‘जॅव्हेलिन’ विनाशिकेने तिला दोराने बांधून ओढत नेण्याचा रात्रभर प्रयत्न केला. दोर तुटले. पहाट झाली की विमाने येणार, एका पंगू जहाजासाठी दुसरे गमवायचे का? १६ जूनच्या सकाळी तिची माणसे उतरवून घेतली आणि पाणबाँब लावून ‘नेस्टर’ आपल्याच लोकांनी बुडवली. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी तिने जर्मन पाणबुडी यू-१२७ बुडवली होती. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातले जहाज, पण ऑस्ट्रेलियाच्या पाण्यात ते कधी गेलेच नाही. आणि त्या काफिल्यातले एकही मालवाहू जहाज माल्टाला पोचले नाही. एवढा खटाटोप करून हाती शून्य! युद्धाच्या जमाखर्चात असेही रकाने असतात.

‘निजाम’ त्याच ताफ्यात होती. ती वाचली. एकाच अक्षराच्या दोन बहिणींपैकी बाँब कुणाच्या लगत पडायचा, हे वरच्या वैमानिकाच्या क्षणावर होते.

नंतरची दोन वर्षे हिंदी महासागरातली. मादागास्करची मोहीम, काफिल्यांची राखण, पाणबुड्यांचा शोध. आणि याच महासागरात १९४३ च्या एप्रिलमध्ये एक हैदराबादी माणूस पाण्याखालून जात होता. आबिद हसन. जर्मनीहून यू-१८० पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस निघाले, त्यांच्यासोबत हा एकच भारतीय. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मादागास्करच्या पलीकडे खवळलेल्या समुद्रात दोघे रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर चढले. ‘जय हिंद’ ही घोषणा याच आबिद हसन यांची. पाण्यावर निजामाच्या नावाची विनाशिका शत्रूच्या पाणबुड्या शोधते आहे, आणि त्याच महासागरात शत्रूच्या पाणबुडीत निजामाच्याच शहरातला एक तरुण बसला आहे. हैदराबाद त्या समुद्रात दोन्ही बाजूंना होते. कोणते हैदराबाद खरे? श्रोतेहो, या प्रश्नावर वेगळे व्याख्यान होईल.

‘निजाम’ने शत्रूच्या हल्ल्यांतून इतक्यांदा सुटका करून घेतली, पण तिची सर्वांत मोठी हानी शत्रूने केली नाही. ११ फेब्रुवारी १९४५, ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळचा केप लीविन. दक्षिण महासागराच्या लाटा तिथे बेफाम असतात. एका प्रचंड लाटेने जहाज एवढे कलंडले की ते परत सरळ होईल अशी खात्री उरली नाही. ते सरळ झाले, पण दहा खलाशी वाहून गेले. क्रीटच्या बाँबवर्षावातून आणि माल्टाच्या काफिल्यातून निघालेले हे जहाज, आणि दहा माणसे गेली ती स्वतःच्या देशाच्या किनाऱ्याजवळ, एका लाटेत.

पुढे ओकिनावाची मोहीम. आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात अमेरिकेच्या ‘मिसुरी’ नौकेवर जपानने शरणागतीवर सही केली, तेव्हा जमलेल्या दोस्तांच्या जहाजांत ‘निजाम’ही उभी होती.

त्या दिवसापासून तीन वर्षे आणि पंधरा दिवस मोजा. १७ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली. मराठवाड्याने आणि तेलंगणाने तो दिवस पाहिला. विश्वासू दोस्ताच्या मदतीला लंडनहून एकही जहाज आले नाही, आणि येणारही नव्हते. पदव्या देणारे साम्राज्य आधीच गाशा गुंडाळून गेले होते.

विनाशिका ऑक्टोबर १९४५ मध्येच ब्रिटिश नौदलाला परत गेली होती. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेज येथे ती मोडीत निघाली. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यही भाषावार वाटले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले, बोथ आंध्र प्रदेशात आले. मराठी बोलणारी कितीतरी घरे रेषेच्या अलीकडे राहिली, काही पलीकडे गेली, आणि सोयरिकी रेषा न मानता चालू राहिल्या. सातव्या निजामाचा नातू आणि वारस मुकर्रम जाह पुढे मेंढ्या पाळायला जाऊन राहिला तो पश्चिम ऑस्ट्रेलियात, म्हणजे केप लीविन ज्या राज्यात आहे त्याच राज्यात. इतिहासाला अशा खोड्या सुचतात. त्यांतून अर्थ काढण्याची गरज नाही.

आता थोडक्यात. नाव निजामाचे होते आणि ते नौदलाच्या नोंदींत पक्के आहे. जीव खलाशांचे होते. ऑस्ट्रेलियाने कॅनबेराच्या युद्धस्मारकात आपल्या मृतांची नामावली कोरली आहे. पैसा देणाऱ्यांची यादी मात्र कुठेही नाही, आणि ती करता येण्यासारखी आहे. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात निजामी राजवटीचे कागद आहेत, पुष्कळसे उर्दूत. बोथ भागात एकाच घरात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कामापुरती उर्दू सापडते. राज्यात असे भाग फार नाहीत. इथल्या महाविद्यालयीन मुलामुलींपैकी चौघांनी जरी उर्दू लिपी मनावर घेतली, तरी १९३९ ते १९४५ या वर्षांतला तालुक्याचा महसूल, आबकारी, चराई आणि लेव्हीचे धान्य यांचा तक्ता तयार होऊ शकेल. ज्या घरांत लेव्हीच्या आठवणी आहेत त्यांनी त्या या मुलांना सांगाव्यात, आणि व्याख्यानमालेच्या संयोजकांनी पुढच्या वर्षीचे एक व्याख्यान या कामासाठी राखून ठेवावे, ही त्यांना विनंती.